चिमूटभाऊची जीभ

वळू केंद्रावर नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला तीन गोष्टी बजावून सांगत. नवरदेवाच्या मागून जायचं नाही, मॅडमच्या प्रयोगशाळेत शेणाचे पाय घेऊन शिरायचं नाही आणि खुराकाबद्दल चिमूटभाऊशी वाद घालायचा नाही.

नवरदेव म्हणजे केंद्रावरचा सगळ्यात मोठा वळू. अंगाने नऊशे किलो, रंगाने काळाभोर, आणि कामाला कधीही हाक मारा, हा तयार. म्हणून नाव नवरदेव. मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टर. वळूंचं वीर्य घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, बारीक कांड्यांमध्ये भरून गोठवायचं आणि लांबलांबच्या गोठ्यांकडे पाठवायचं, हा तिथला उद्योग. नवरदेवाची वासरं हजारांनी होती. त्यांतलं एकही त्याने पाहिलेलं नव्हतं, आणि त्याचं त्याला काही दुःख असावं असं त्याच्या तोंडाकडे बघून तरी वाटत नसे.

चिमूटभाऊ हा खुराकाच्या कोठीवरचा माणूस. वय एक्कावन्न, अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं. प्रत्येक वळूचा भरडा नि पेंड मोजायची, त्यात खनिज मिश्रण कालवायचं आणि बादल्या गव्हाणीपर्यंत पोचवायच्या, हे त्याचं काम. मिश्रण म्हणजे राखाडी भुकटी. जस्त, तांबं, सेलेनियम, असलं काय काय त्यात असतं. दिसायला चुलीतल्या राखेसारखी, पण ती वेळच्या वेळी पोटात गेली नाही तर वळू वरून धष्टपुष्ट आणि आतून पोकळ, असं होऊ शकतं. मिश्रणाचं नवं पोतं आलं की चिमूटभाऊ त्याची शिवण उसवी, दोन बोटांत चिमूटभर भुकटी घेई, जिभेवर ठेवी आणि डोळे मिटून उभा राही. बाकीचे श्वास धरून बघत. मग तो म्हणे, "चालेल," किंवा "दमट लागलंय." एकदा खरोखरच एक पोतं आतून ओलं निघालं होतं. त्या एका पोत्याच्या पुण्याईवर गडी वीस वर्षं मिरवत होता.

"तुझ्या जिभेचा विमा उतरवून ठेव," पैलवान त्याला म्हणायचा. पैलवान म्हणजे नवरदेवाला सांभाळणारा माणूस. स्वतः इतका हडकुळा की वाऱ्याने उडेल, म्हणून पैलवान.

आता खरं सांगायचं तर त्या जिभेला काडीचंही कळत नव्हतं. जस्त कमी की तांबं जास्त, हे जिभेवर ठेवून कळत असतं तर प्रयोगशाळा कशाला बांधल्या असत्या? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या मुठीत काय होतं, ते चिमूटभाऊने एकाही जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

त्या सोमवारी मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर आल्या आणि हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "नवरदेवाचा आजचाही नमुना गेला. शंभरातले पंधराही धड हलत नाहीत. तिसऱ्यांदा."

शेडमधली कामं थांबली. गेले दोन आठवडे गोठेवाल्यांचे फोन येतच होते. नवरदेवाच्या कांड्या भरवलेल्या गायी उलटत होत्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत होत्या.

"गायीच बाद असतील," कोणीतरी म्हणालं.

"गायीला बोल लावणं सगळ्यात सोपं," मॅडम ताडकन म्हणाल्या. "ती बिचारी काय बोलणार? माझ्याकडे नियम एकच. गाय उलटली की आधी वळू तपासायचा. त्याचं ठीक निघालं, तरच गायीच्या अंगाला हात लावायचा."

चिमूटभाऊ दारात बादली घेऊन उभा होता. हे वाक्य त्याला कानफटात बसल्यासारखं लागलं. त्याने बादली उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

केंद्राच्या साहेबांचं म्हणणं, मॅडमनी सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत हाच प्रकार राहिला तर नवरदेवाला कमी करायचं. कमी करायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रक येतो, फळी लावतात, आणि वळू त्या फळीवरून परत उतरत नाही. शिवाय साहेबांचा पैलवानावर संशय होता. त्याने वळूला जास्त राबवलं असेल, नाहीतर घसरून पडल्याचं लपवलं असेल.

"खुराकात काही बदल?" मॅडमनी विचारलं. "कारण आज जे निघतं ते दोन महिन्यांपूर्वी आत घडायला लागलेलं असतं. भाऊ, मिश्रण रोज जातंय ना?"

"जातंय की," चिमूटभाऊ म्हणाला.

"मॅडम, चिमूटभाऊच्या हातून चूक?" पैलवान मध्येच म्हणाला. "सूर्य पश्चिमेला उगवला तरी होणार नाही."

नोकरी जाणार होती ती पैलवानाची, आणि साक्ष देत होता तो याची. चिमूटभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कोठीत गेला आणि पोत्यावर बसून राहिला.

मिश्रण जात नव्हतं. पाच महिन्यांपासून जात नव्हतं. नवीन ठिकाणची पोती आली, आणि दुसऱ्याच दिवशी नवरदेवाने खुराक हुंगून तोंड फिरवलं. बाकीचे वळू मुकाट्याने खात होते, हाच तेवढा लाडावलेला. सगळे चिमूटभाऊच्या तोंडाकडे बघायला लागले. मग काय, त्याने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सांगितलं, "याच्यात खोट आहे. नवरदेवाला कळली, बाकीच्यांना नाही." त्याला स्वतःला फक्त कडवट लागलं होतं, आणि ते तर प्रत्येक पोतं लागायचं. पण बोलून बसला. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी पोतं तपासायला पाठवलं असतं, आणि काही खोट निघाली नसती तर जिभेची अब्रू गेली असती. म्हणून त्याने सगळ्यांना पोतं बदलल्याचं सांगितलं, गुपचूप नवरदेवाच्या बादलीतलं मिश्रण बंद केलं आणि नुसतं मीठ घालायला लागला. पंधरा दिवसांनी हळूहळू पुन्हा सुरू करू, असं ठरवलं होतं. पण वळू गव्हाण चाटूनपुसून साफ करत होता, कातडीला चमक होती, नमुने पहिल्यासारखे येत होते. चालतंय ते चालू दे, असं म्हणता म्हणता पाच महिने गेले. भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र मिश्रणाच्या रकान्यात तो रोज खूण करत होता, एकही दिवस न चुकता.

आणि ही चिमूट तरी कुठून आली? ते आता सांगायलाच हवं.

बावीस वर्षांपूर्वी चिमूटभाऊ कोठीवर नव्हता, प्रयोगशाळेत होता. काचेच्या पट्ट्या आणि नळ्या धुवायचा. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर दिलदार. त्याला सूक्ष्मदर्शकातून बघू द्यायचे, स्क्रू कसा फिरवायचा ते शिकवायचे. वळूच्या थेंबात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी धावपळ दिसायची, आणि ती बघून हा तरुण पोरगा खूश व्हायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा हलत नव्हता. दवाखान्यात दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं. बायकोचं सुरू झालं. याने मात्र दवाखान्यात सांगितलं, "माझी तपासणी आमच्याकडेच होते, रोजचंच काम आहे." प्रयोगशाळेतला माणूस म्हटल्यावर त्यांनीही मान डोलावली.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना त्याने स्वतःची पट्टी तयार केली आणि डोळा लावला.

काही नव्हतं. त्याने स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला. दुसरी पट्टी केली, तिसरी केली. काच स्वच्छ होती, उजेड चांगला होता, आणि त्या उजेडात काहीही हलत नव्हतं. त्याने तिन्ही पट्ट्या धुतल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या. घरी गेल्यावर आईने आणि बायकोने एकदमच विचारलं. तो म्हणाला, "माझं सगळं ठीक आहे."

बायकोने विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? नवऱ्याचा तो धंदाच होता.

महिन्याभराने त्याने कोठीवर बदली मागून घेतली. त्या यंत्राकडे बघवत नव्हतं. कोठीत आल्यावर कळलं की या राखाडी भुकटीने वळूंचं बी सुधारतं. मग हा शहाणा रोज कोणी नसताना चिमूटभर तोंडात टाकायला लागला. दीड वर्ष. जनावराची भुकटी, माणसाचं पोट. दर चार दिवसांनी उलट्या. एक दिवस म्हाताऱ्या कोठीवाल्याने पकडलं. "काय रे, काय खातोयस?" हा गांगरला आणि म्हणाला, "चव बघतोय. माल कसा आलाय ते." म्हातारा इतका खूश झाला की त्याने साऱ्या केंद्रावर बोभाटा केला. असा माणूस बघितला नाही म्हणे, जिभेने पारखतो! त्या दिवसापासून तो चिमूटभाऊ झाला. लोक ज्याचं कौतुक करत होते त्याचीच त्याला लाज वाटत होती, आणि हळूहळू लाजेचीही सवय झाली.

घरी आईने सुनेचं जे काही केलं, ते सगळ्या गल्लीने ऐकलं. आईचा आवाज मुळातच मोठा. "माझ्या पोराचं तपासून झालंय, त्याच्यात खोट नाही," हे तिचं पालुपद, आणि त्याच्यापुढे वांझ हा शब्द. बायको शिवणाच्या मशीनवर वाकून पाय हलवत राहायची. तपासण्या झाल्या, सुया झाल्या, गोळ्यांनी अंग सुजलं, आणि शेवटी पोटाचं ऑपरेशन झालं. आत काही दोष सापडला नाही. घरी आणल्यावर ती पडल्या पडल्या म्हणाली होती, "माझंच काहीतरी चुकलं असेल." चिमूटभाऊ तेव्हा तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होता. त्याने मोसंबी सोलली आणि फोड तिच्या हातात दिली.

त्या सोमवारनंतर तीन दिवस तो कोठीतच तोंड लपवून राहिला. मॅडम समोर आल्या की पोती मोजायला लागायचा. चौथ्या दिवशी दुपारी बादली न्यायला निघाला, तर धुण्याच्या हौदापाशी पैलवान दिसला. नवरदेवाच्या अंगावर पाण्याचा पाइप धरून उभा होता. वळूने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं होतं आणि तो हडकुळा जीव त्या ओझ्याने वाकला होता.

"माझंच काहीतरी चुकलं असेल रे," पैलवान वळूला सांगत होता. "मला नीट सांभाळता आलं नसेल."

तेच शब्द. चिमूटभाऊच्या हातातली बादली खाली आपटली. तो तसाच वळला आणि प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, शेणाच्या पायांनी.

"मॅडम, नवरदेवाचं मिश्रण मी बंद केलं होतं."

त्याने सगळं सांगितलं. नवं पोतं, कडवट चव, मीठ, तक्त्यावरच्या खुणा. जिभेला काही कळत नाही, हेसुद्धा सांगितलं. मॅडम ओरडतील, निदान साहेबांना बोलावतील, असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाच महिने?" त्या म्हणाल्या. "आणि मी विचारलं तेव्हा तोंडावर हो म्हणालात?"

"हो."

"का?"

"लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी मी त्या जनावराला ट्रकमध्ये चढवणार होते, भाऊ. आणि त्या माणसाला घरी बसवणार होते." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "फक्त मिश्रणामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आता अडीच महिने थांबू. साहेबांना मी सांगते, आणि तुमचं नाव घेऊनच सांगणार."

घेतलंच. चिमूटभाऊला लेखी ताकीद मिळाली, कोठीच्या किल्ल्या काढून घेतल्या, आणि शेण काढायच्या कामावर घातलं. जिभेचा लौकिक एका दुपारी मातीला मिळाला. नवी पोरं पाठीमागे चिमूट तोंडात घातल्याचा अभिनय करून हसत. पैलवान तेवढा हसला नाही, पण पंधरा दिवस बोललाही नाही. मिश्रण मॅडमसमोर मोजून, गुळाच्या पाण्यात कालवून जायला लागलं, आणि आश्चर्य म्हणजे नवरदेवाने दोन दिवस नखरे करून तिसऱ्या दिवशी गव्हाण चाटून काढली. एवढंसं होतं ते. कोणालाही विचारलं असतं तरी गुळाचं पाणी सुचलं असतं.

अडीच महिन्यांनी, एका गुरुवारी, प्रयोगशाळेतून मॅडमची हाक आली. "भाऊ, पाय धुऊन आत या."

तो बावीस वर्षांनी त्या खोलीत शिरला. यंत्र नवं होतं, टेबल तेच होतं. मॅडम बाजूला सरकल्या. त्याने डोळा लावला.

वारूळ फुटलं होतं. सगळीकडे धावपळ, रेटारेटी, लाटांवर लाटा. त्याला बाजूला होता येईना. डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं धूसर झालं, तरी तो तसाच वाकून राहिला.

"वाचला तुमचा नवरदेव," मॅडम म्हणाल्या. त्या खुशीत होत्या, म्हणून जरा जास्त बोलल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून. नाहीतर मला कारण कळायला वर्ष गेलं असतं. माणसांचंही असंच असतं बघा. पुरुष तपासायलाच येत नाहीत. वेळेवर आले तर कितीतरी वेळा काहीतरी उपाय निघतो. नाही निघाला तर निदान बायकोची चिरफाड तरी टळते."

चिमूटभाऊ "हो मॅडम" म्हणाला आणि बाहेर आला. उपाय निघाला असता का? तो दुसऱ्या कोणाकडे कधी गेलाच नव्हता. तीन काचपट्ट्या स्वतः बघितल्या, स्वतःच निकाल दिला आणि शिक्षा बायकोला दिली. आजवर त्याला आपण फक्त खोटं बोललो असं वाटत होतं. त्या दुपारी शेण ओढता ओढता त्याला पहिल्यांदा कळलं की कदाचित त्याने मूलही गमावलं होतं, तिचं.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा बायको खिडकीपाशी मशीनवर होती. आतल्या खोलीत आई खाटेवर बसलेली. आता ऐंशीच्या पुढे, कानांनी जवळपास बहिरी. कानातलं यंत्र आणून दिलं होतं ते डबीत पडून होतं.

"अगं, मशीन थांबव जरा."

"एवढी बाही होऊ दे."

"नाही. आत्ताच थांबव."

तिने वर बघितलं आणि पाय थांबवला. तो उभ्यानेच बोलला, कारण बसला असता तर बोलला नसता. ती दुपार, तिन्ही पट्ट्या, 'माझं सगळं ठीक आहे', कोठी, चिमूट. बोलताना तो मशीनवरच्या निळ्या बाहीकडे बघत होता. बोलून संपल्यावरही तो त्या बाहीकडेच बघत होता.

बायकोने एकच विचारलं, "ऑपरेशनच्या आधी कळलं होतं, की नंतर?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. ती त्याला दिसलीसुद्धा.

"आधी," तो म्हणाला. "आठ महिने आधी."

"ऑपरेशनच्या कागदावर सही तुमची होती."

"हो."

तिचा हात आपोआप पोटाकडे गेला, जिथे ती शिवण होती. ती रडली नाही. रडली असती तर त्याला तिच्या पायांवर तरी पडता आलं असतं. तिने सुईखालची बाही अर्धवट तशीच ठेवली, मशीनवर झाकण घातलं आणि उठली.

"आईंना सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"मला सांगितलंत तेच."

"अगं, ती म्हातारी झाली. आता तिला कळून काय..."

"बावीस वर्षं त्यांनी मला मोठ्याने ऐकवलं. सगळी गल्ली ऐकत होती, आणि तुम्ही आत बसून जेवत होता. आता त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगा."

असं म्हणून ती खिडकीशी गेली आणि तिची गल्लीकडची दोन्ही दारं सताड उघडली. समोरच्या गच्चीवर शेजारीण वाळलेले कपडे काढत होती. खाली दुकानाच्या पायरीवर दोघं-तिघं बसले होते.

चिमूटभाऊ आईच्या खाटेपाशी खाली बसला.

"आई, मूल झालं नाही, त्यात हिचा दोष नव्हता."

"काय?" आई म्हणाली.

"दोष माझ्यात होता."

"नीट बोल ना. तोंडात काय धरून बसलायस?"

त्याने मागे वळून बघितलं. बायको खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी होती, हात घडी घालून. सुटका नव्हती. त्याने डोळे मिटले, पोत्यापाशी मिटायचा तसेच, आणि मग उघडले.

"आई! दोष माझ्यात होता! हिच्यात काही नव्हतं! मला पहिल्यापासून माहीत होतं! मी खोटं बोललो!"

गच्चीवरचा कपडे झटकल्याचा आवाज थांबला. खालचं बोलणंही थांबलं. आईला या वेळी ऐकू गेलं होतं. ती मुलाकडे बघेना, सुनेकडेही बघेना, म्हणून खाटेवरची चादर सारखी करत राहिली.

चिमूटभाऊ खाली मान घालून उठायला लागला.

"बसा," मागून बायको म्हणाली. "पुन्हा एकदा सांगा."